‘काय सांगता!’मधल्या कापलेल्या दोन ओळी

पेपरात कोणतं काम करत होता, असं कुणी विचारलं की मी ‘सातवं पान’ असं उत्तर देते. विचारणारा दोन क्षण थांबतो, ‘म्हणजे बातमीदार नव्हतात’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. नव्हतेच मी बातमीदार. नगरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होते आणि जवळजवळ सगळी नोकरी दुपारच्या पाळीत काढली. बायकांना रात्रपाळी द्यायची नाही असा आमच्याकडे अलिखित नियम होता, आणि मोठ्या बातम्यांनी अंधार पडल्यावरच यायचं असा बातम्यांचाही काही नियम असावा. त्यामुळे राशिभविष्य, शब्दकोडं, पाककृती, बाजारभाव हे सगळं माझ्या टेबलावर. आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘काय सांगता!’ नावाची चौकट.

दोन कॉलम रुंद आणि चौदा ओळी उंच. जगात कुठेतरी घडलेला एखादा चमत्कारिक किस्सा त्यात रोज द्यायचा. कुणी स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहिला, कुठे कुत्र्याचं नाव मतदारयादीत लागलं, कुणी चाळीस वर्षांपूर्वी टाकलेलं पत्र परवा पोचलं. अग्रलेख किती लोक वाचतात हे संपादकांना विचारायची सोय नव्हती, पण ‘काय सांगता!’ एक दिवस चुकली की तालुक्यांचे एजंट फोन करत. मला त्याचा अभिमान होता, फक्त तो दाखवायची जागा नव्हती.

खरं म्हणजे या कामाला माझ्याइतकं नालायक माणूस शोधून सापडलं नसतं. माझं माहेर बेलापूरचं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा उठला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. वडील साखर कारखान्यात फिटर. त्यांना काहीही सांगायला जा, पहिला प्रश्न ‘पुरावा काय?’ मी नोकरीला लागल्यावर ते पेपर सातव्या पानापासून वाचू लागले, पण ते कौतुकाने नव्हे. सुटीला घरी गेले की कात्रण पुढ्यात यायचं.

"हा मासा बोलला म्हनतेस. कोनत्या भाषेत?"

मी म्हणायचे, "अण्णा, गंमत असते हो ती."

"गंमत हाय तर वर तसं लिही. लोक खरं मानत्यात."

त्यांच्या या जाचातूनच माझे नियम तयार झाले. गोष्टीत गावाचं नाव हवं, माणसाचं नाव हवं, आणि तीच गोष्ट आणखी एका ठिकाणी सापडायला हवी. यातलं दोन तरी जुळलं तर घ्यायची, नाही तर सोडून द्यायची. बोलणाऱ्या माशांचा धंदा त्या दिवसापासून बसला.

सुरुवातीला माल कमी पडायचा. वृत्तसंस्थेच्या यंत्रातून दिवसभर कागद सरकत यायचा, त्यात एखादी मजेची बातमी असली तर मोठे लोक ती चुरगळून टोपलीत टाकत आणि मी टोपलीतून काढत असे. शिवाय रद्दीवाल्याकडची जुनी इंग्रजी मासिकं. मग अठ्ठ्याण्णव सालच्या आगेमागे ऑफिसात इंटरनेट आलं. ते यायचं टेलिफोनच्या तारेतून, आणि आमच्याकडे तार एकच. मी जगभरातल्या गमती शोधत बसले की तिकडे जामखेडचा वार्ताहर एसटीडी बूथवर उभा राहून घामाघूम होई, त्याला फोन लागत नसे. पंधरा दिवसांत संपादकांनी मला इंटरनेटपुरती बाहेरची वाट दाखवली.

माळीवाड्याजवळ एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथल्या सरांनी दहा टाइपरायटरांच्या रांगेशेजारी दोन कॉम्प्युटर मांडले होते. सरांचं सगळं आयुष्य सरकारी परीक्षेला मुलं बसवण्यात गेलेलं, त्यामुळे इंटरनेट बघण्यालाही ते सराव म्हणत. "या मॅडम, आज किती वेळ सराव?" असं ते विचारायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वहीत वेळ टिपायचे, पैसे त्यावरच ठरत. शेजारी दहा टाइपरायटर खडखडत असताना मी दुपारी दोन ते तीन जगभर फिरत असे.

आजच्या वाचकांना सांगायला हवं की तेव्हा पान उघडत नसे, उतरत असे. चित्र वरून खाली रेघारेघांनी यायचं. हौशी लोकांनी स्वतःची पानं करून ठेवलेली असत: कुणी विचित्र पाट्या गोळा करी, कुणी विचित्र मरणं. पानाच्या तळाशी आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा फिरत असे. मी पाठकोऱ्या कागदावर भराभर मराठीत उतरवून घ्यायचे आणि ऑफिसात येऊन चौदा ओळींत बसवायचे.

एकदा मोठीच फजिती व्हायची राहिली. परदेशातल्या कुणाच्या पानावर होतं, पूर्वेकडे एक गाव आहे, तिथल्या घरांना दारंच नसतात आणि तरी चोरी होत नाही. मी हरखले. झरझर लिहायला लागले. पाचव्या ओळीला पेन थांबलं, कारण ते गाव माझ्या टेबलापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर होतं. शनिशिंगणापूर! लहानपणापासून पाहिलेलं गाव मी इंग्रजीत वाचलं तर मला नवल वाटलं होतं. कागद फाडला आणि कुणाला बोलले नाही.

नगर जिल्ह्यातल्या लोकांनाही आपलं नवल छापून यावं असं वाटे. गणपतीच्या आकाराचं वांगं तर दर भाद्रपदात यायचं. एक गृहस्थ आले, म्हणाले की मी बारा वर्षं झोपलेलो नाही. मी नाव-गाव लिहून घेतलं, आत जाऊन चहा सांगून आले, तोवर ते खुर्चीत मान टाकून घोरत होते. उठवायचं जिवावर आलं. चहा मी प्यायले.

आता त्या दोन ओळींकडे येते. त्यासाठी आमचं पान कसं लागायचं ते थोडं सांगावं लागेल. मजकूर कॉम्प्युटरवर टाइप होऊन कागदाच्या पट्ट्यांवर निघायचा. रशीदभाई नावाचे आमचे पेस्टर होते. ते या पट्ट्या कटरने कापून पानाच्या आकाराच्या मोठ्या कागदावर गोंदाने चिकटवत. आयत्या वेळी जाहिरात आली की जागा करायला काहीतरी कापावं लागे आणि ते नेहमी खालून कापत. यात त्यांची चूक नाही. बातमी लिहायची पद्धतच अशी की महत्त्वाचं सगळं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली. बातमी खालून कापली तरी जिवंत राहते. गोष्टीचं तसं नसतं. पण सातवं पान लावताना हा फरक कोण करणार?

त्या दिवशीची गोष्ट दूरच्या एका बंदरातल्या विधवेची होती. तिचा मुलगा बोटीवर कामाला गेला तो परत आला नाही. अकरा वर्षांनी शेजारणीने त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. कुठल्या तरी लांबच्या शहरातून उत्तर आलं की असा एक माणूस इथे आश्रमात आहे, त्याला मागचं काही आठवत नाही. बाई गेली, त्याला घरी घेऊन आली, गावाने बँड लावला. इथे बारा ओळी संपत होत्या. तेराव्या आणि चौदाव्या ओळीत मी लिहिलं होतं: ‘पुढे तपासणीत तो तिचा मुलगा नसल्याचे सिद्ध झाले. बाई म्हणाली, ते मला पहिल्याच दिवशी कळले होते. तो अजून तिच्याकडेच राहतो.’

संध्याकाळी बियाण्यांची जाहिरात आली. सकाळी पेपर उघडला तर विधवेच्या दारात बँड वाजत होता आणि खाली लगेच सोयाबीन.

मी रशीदभाईंवर जरा चढ्या आवाजात बोलले. ते म्हणाले, "ताई, दोनच ओळी उडवल्या. पोरगा घरी आला, बात खतम. अजून काय पायजे वाचणाऱ्याला?" शुद्धिपत्र द्या म्हणून मी संपादकांकडे गेले. ते हसले. "साळवेबाई, काय छापू? काल सापडलेला मुलगा आज सापडला नाही, असं?" सगळे हसले. मलाही हसू आलं, हे कबूल केलं पाहिजे.

आठ-दहा दिवसांनी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी, उन्हाने रापलेली, पायात रबरी चप्पल. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने घडी घातलेला कागद काढला. बारा ओळींचं कात्रण होतं.

"हे तुमीच लिवलंय का बाई?"

मी हो म्हणाले.

"मी हौसाबाई. मिरजगावच्या पल्याड वस्ती हाय आमची. स्टँडवरच्या हाटेलात गुरुजींनी वाचून दावलं. माझ्या बी पोराचा फोटू टाका त्यात."

मुलाचं नाव सुभाष, हरवला तेव्हा वय एकोणीस. ऊसतोडीचा हंगाम संपवून टोळी दोन ट्रकांनी परत येत होती. वाटेत चहाला थांबले. पुढच्या ट्रकातल्यांना वाटलं तो मागच्यात आहे, मागच्यांना वाटलं पुढच्यात. वस्तीवर उतरले तेव्हा तो कुठल्याच ट्रकात नव्हता. त्या थांब्यावर तिचे मालक, म्हणजे सुभाषचे वडील, तीनदा जाऊन आले, पोलिसात कळवून झालं.

"ह्या गुढीपाडव्याला चार वरसं झाली," हौसाबाई म्हणाली. "त्या बाईचा अकरा वरसांनी घावला. माझं तर चारच झाल्यात."

त्याच वेळी सांगायला हवं होतं की मावशी, या गोष्टीला पुढे दोन ओळी आहेत. माझ्या जिभेवर आल्याही होत्या. पण ती माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होती तसं ‘काय सांगता!’कडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले आणि तिला घेऊन टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

फोटो यात्रेतल्या तंबूत काढलेला होता. मागे रंगवलेला निळा पडदा, त्यावर केवढा तरी चंद्र, आणि पुढे पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर बसलेला सुभाष. चेहरा गंभीर, दोन्ही हात हँडलवर घट्ट. परदेशातल्या काही विद्यार्थ्यांनी हरवलेल्या माणसांसाठी एक फळा केला होता, त्यावर कुणालाही फोटो आणि माहिती लावता येई. सरांनी यंत्रावर फोटो उतरवून घेतला, मी इंग्रजीत मजकूर लिहिला आणि तो फळ्यावर गेला. मग तो तिथे दिसतो का ते बघायला आम्ही पान पुन्हा उघडलं. आधी निळा रंग उतरला, मग चंद्र, मग केस. हौसाबाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. कपाळ आलं, डोळे आले.

"आला," ती म्हणाली. "आला, आला."

टायपिंग करणाऱ्या पोरींचे हात थांबले. सरांनी त्या दिवशी वहीत वेळ लिहिला नाही.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा एसटीने यायची. येताना पिशवीत शेरभर हुलगे आणायची आणि टेबलावर ठेवून विचारायची, "काई आलं का?" पहिल्या काही महिन्यांत इंटरनेटवरून दोनच पत्रं आली. एक वजन घटवायच्या गोळ्या विकणाऱ्याचं. ते मी सांगितलं नाही. दुसरं कुणा परदेशी म्हातारीचं, तुमच्या मुलासाठी रोज प्रार्थना करते म्हणून.

"कुठली हाय ती?"

"लांबची आहे मावशी, समुद्रापलीकडची."

"तिला लिवा, तिची लेकरं बी सुखी राहूं द्या म्हनावं."

मी तसं लिहिलं. शब्दाला शब्द असं नोकरीत मी केलेलं ते एकमेव उलटं भाषांतर, मराठीतून इंग्रजीत.

मग एका दुपारी मी नेहमीसारखी किस्से शोधत होते. जगातले विचित्र फोटो गोळा करणाऱ्या एका माणसाचं पान उतरू लागलं. आधी निळा रंग आला, मग चंद्र. सुभाषच होता, मोटारसायकलसकट. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘चंद्रावर निघालेला मोटारसायकलवाला, भारत’. हरवल्याचं, आईचं, मिरजगावचं एक अक्षर नव्हतं. आमच्या फळ्यावर तो सगळा मजकूर फोटोच्या खाली होता, आणि याने खालचं कापलं होतं.

मला संताप आला. कुणाच्या घरातलं दुःख उचलायचं, त्याचं शेपूट तोडायचं आणि लोकांपुढे मांडायचं, हा काय उद्योग झाला? हा उद्योग मी रोज दुपारी दोन ते तीन करत होते, हे माझ्या जरा उशिराने ध्यानात आलं. पण पत्र संतापातच लिहिलं, डिक्शनरी घेऊन, चांगलं खरमरीत. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचं उत्तर आलं: मला माहीत नव्हतं, मी ओशाळलो आहे, फोटो काढून टाकला आहे. मी पान उघडून पाहिलं. खरंच काढला होता.

हौसाबाई आली तेव्हा मी तिला हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कसे लोक हसत होते, कसं मी झापलं, कसा तो वठणीवर आला. ती ऐकत राहिली.

"किती मानसं बघत हुती तिथं?"

"पुष्कळ. हजारांनी येतात त्या पानावर."

"आन आपल्या फळ्यावर?"

आपल्या फळ्याचा आकडा शेकड्यात होता आणि त्यातली बरीचशी मीच होते. मी म्हणाले, "थोडी."

ती म्हणाली, "हसू द्यायचं की बाई. बघत तर हुती."

एवढी वर्षं लोकांच्या नजरेला पडेल असं काहीतरी रोज निवडण्याचा पगार घेतला, आणि ही साधी गोष्ट मला कळली नव्हती. त्याच दिवशी मी त्या माणसाला पुन्हा लिहिलं की फोटो परत लावा, या वेळी खाली आईचं म्हणणंही घाला. त्याने लिहिलं, नाही, ते मला योग्य वाटत नाही, आणि फोटो मी पुसूनही टाकला आहे. मी फोटो पुन्हा पाठवला. पुढे उत्तर आलं नाही. सभ्य माणूस होता, तीच अडचण झाली.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा हेही सांगितलं. लपवण्यासारखं आता एकच उरलं होतं आणि ते पोटात ठेवणं मला जमेना. मी ड्रॉवरमधून माझा पाठकोरा कागद काढला, ज्यावर त्या विधवेची पूर्ण गोष्ट होती, आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही ऐकलीत ती गोष्ट अर्धी होती. खालच्या दोन ओळी आमच्याकडे कापल्या गेल्या."

मी वाचून दाखवलं. तो तिचा मुलगा नव्हता. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तो तिच्याकडेच राहतो.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा चिडेल. निदान आता येणं बंद करेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"आमच्याकडं बी आनला हुता एक," ती म्हणाली. "सुभाष गेला त्याच्या दुसऱ्या वरसाला. स्टँडवर बसलेला घावला म्हनून लोक घिऊन आले. वय तेवढंच. काई बोलंना, नुसता बघायचा. दोन दिस जेवला माझ्या हातचं. मालक म्हनले, राहूं दे. मी म्हनले, माझ्या पोराच्या टाचंला कुऱ्हाडीचा वन हाय, ह्याच्या न्हाई. माझा न्हाई ह्यो."

"मग?"

"मंग काय. दिला धाडून. कुनी नेला, कुठं नेला, मी इचारलं बी न्हाई."

आत रशीदभाईंचा रेडिओ लागला होता. हौसाबाईने टेबलावरचे हुलगे बाजूला सारले आणि माझ्यापुढे दुसरा एक पाठकोरा कागद सरकवला.

"त्याचं बी लिवा, बाई. फोटू न्हाई माझ्याकडं, पर लिवा. सावळा हुता. डाव्या हातानं जेवायचा. भाकर दिली की आधी अर्धी मोडून बाजूला ठिवायचा, कुनासाठी ते कळलं न्हाई."

मी लिहीत गेले. उंची, केस, अंगावरचा सदरा. सुभाषची सांगितली होती त्याहून जास्त माहिती तिला या मुलाची होती. शेवटी, फळ्यावर लावायला लागतं म्हणून, मी नाव विचारलं.

"नाव त्यानं सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "मी दोन दिस बाळा म्हनत हुते. तेच लिवा."